परतीच्या काउंटरवरचा पिवळा फिट

कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानात परत आलेला माल आधी हुंगायचा आणि मगच घ्यायचा, ही काउंटरवरच्या वहिनींची रीत. सगळा स्टाफ त्यांना वहिनीच म्हणायचा. लोक लेबल आत खोचून कपडा मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी साळसूदपणे 'मापात बसला नाही' म्हणत आणून टाकतात. घाम, त्यावर सेंट, त्यावर शिळी पावडर. शी! परक्याच्या काखा हुंगून पोट भरायचं म्हणजे काय नशीब! असे वापरलेले कपडे नजरेतून सुटले म्हणून आधीच्या बाईंना घरी बसवलं होतं.

'फिट' हा शब्द त्यांना लेकीनं शिकवला.

"नुसता ड्रेस नाही गं आई. ड्रेस, चपला, पर्स, कानातलं, सगळं मिळून फिट. 'आजचा फिट' म्हणून फोटो टाकायचा. एकदा टाकला की तो परत घालायचा नाही."

"म्हणजे उष्टा झाला म्हण की," वहिनी म्हणाल्या होत्या. मग जेवताना त्यांनी आपण चोर कसे पकडतो ते रंगवून सांगितलं. काख, कॉलर, लेबलाचा दोरा. लेक मन लावून ऐकत होती. वहिनींना केवढं कौतुक वाटलं.

आज लेकीची मैत्रीण पिवळा ड्रेस घेऊन आली. काख कोरडी, कॉलर स्वच्छ, लेबल जागच्या जागी. पण नव्या कापडाचा वास कुठेच नव्हता. वास होता तो घामाचा वास मारणाऱ्या व्हिनेगरचा.

"कुणी शिकवलं हे?"

मैत्रीण पुढे वाकून हळूच हसली. "काकू, तुमच्याच टिप्स! तुमची मुलगी आम्हा सगळ्यांना शिकवते. हा फिटही तिचाच. याआधीचे दोन तर तुम्हीच घेतलेत. आता बोललात तर तुमचीच नोकरी जाईल."

इतकी किळस वहिनींना कुठल्या घामाचीही आली नव्हती. पोटची पोर आपल्याच ताटात थुंकली होती, आणि आपण ते चाटूनपुसून खाल्लं होतं.

"साहेब, जरा इकडे या!"

साहेब आले. "काय झालं वहिनी? वापरलेला आहे?"

"हो."

"कुणी वापरलाय?"

मैत्रीण डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

"माझ्या मुलीनं," वहिनी म्हणाल्या. "आणि याआधीचे दोन मीच पास केलेत."