डिक्कीतली राख

आसगावच्या कुंदनने जुनी कार घेतली तेव्हा गावाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण तिच्या डिक्कीत त्याने नागपूरहून आणलेला सबवूफर बसवला, पहिलं गाणं लावलं, आणि शेजारच्या धुरपताबाईच्या फळीवरची भांडी धडाधड खाली आली. त्या दिवसापासून कुंदन गावात कुणीतरी झाला.

असलं रत्न घरात आलं की झोप उडते. त्याचा मित्र हेमराज शहापूरला ढाब्यावर जेवायला थांबला, तेवढ्यात चोरांनी त्याच्या गाडीतला सबवूफर वायरी कापून नेला होता. बिचाऱ्याच्या ताटातला रस्साही निवला नव्हता. ते ऐकून कुंदनची पाचावर धारण बसली. त्याने सबवूफरचं खोकं डिक्कीच्या पत्र्याला बोल्टांनी आवळलं, स्पीकरच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवली, काचांना पडदे लावले. डिक्कीत धानाचं पोतं ठेवायला घरात सक्त मनाई झाली. "कार आनली का देव्हारा आनला?" असं त्याची आई सुमित्राबाई विचारायची.

बाप चंद्रभान तर त्या आवाजाचा वैरीच. गाणं लागलं की अंगणातून ओरडायचा, "बंद कर बे ते धमधम! काळीज हालून राहिलं!" आणि हे कोण बोलायचं, तर दंडारीतला, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळातला, एकेकाळचा ढोलकीवाला! दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली, दंडार उभी राहिली, की चंद्रभानची ढोलकी ऐकायला पवनीपासून माणसं यायची. दोन वर्षांपूर्वी त्याने गुडघ्याचं निमित्त सांगून ढोलकी खुंटीला टांगली, ती टांगलीच. यंदाही दंडारीची मंडळी परगावचा ढोलकीवाला आणणार होती. कुंदनला हे फार लागायचं. लहानपणी तो त्या ढोलकीच्या शेजारीच बसून दंडार बघायचा. पण बापाला विचारायची त्याची छाती नव्हती.

मंडई तोंडावर आली, पाहुणे यायला लागले. एका संध्याकाळी कुंदन राईस मिलवरून घरी आला तर गाडीचा पडदा सरकलेला. तो तसाच चुलीपाशी धावला.

"माय, गाडीले कोन हात लावून राहिलं?"

"मले काय माहीत?" सुमित्राबाई चुलीतली राख काढत म्हणाली. "आमी खळ्यावर धानाच्या राशीले राखेचा ठसा मारतो. कोनी सूपभर जरी काढलं त ठसा मोडते. तसंच कर ना."

सबवूफर राखेने राखायचा! कुंदन हसला, पण चाळलेली राख घेऊन गेलाच. खोक्याला वरून काळं गालिच्यासारखं कापड होतं, त्यात राख छान बसली.

दुसऱ्या दिवशी राखेवर दोन हात उमटले होते. डावीकडे अख्खा तळवा, उजवीकडे नुसती बोटांची टोकं. बोल्ट जागच्या जागी, वायरी शाबूत. तिसऱ्या दिवशी तेच.

"हा कसला चोर वो माय? रोज येते अन् काहीच नेत नाही!"

सुमित्राबाईने पदर तोंडाला लावला. ती खोकते आहे असं कुंदनला वाटलं.

मग त्याने मिलमधून सुट्टी काढली आणि भरदुपारी धानाच्या तणसीच्या ढिगामागे दबा धरून बसला. हातात दांडकं होतं. थोड्या वेळाने चोर आला. घराच्याच दारातून आला, खुंटीवरची किल्ली घेऊन आला, आणि इकडेतिकडे बघत त्याने डिक्की उघडली. चोराने धोतर नेसलं होतं.

चंद्रभानने गाणं लावलं. खोक्यावर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले. डावा तळवा दाबत होता, उजवी बोटं नाचत होती. कुंदन दांडकं विसरून बघत राहिला. गाणं संपलं तेव्हा तो पुढे गेला.

"बाबा!"

चंद्रभान हलला नाही.

"बाबा!" कुंदन अगदी पाठीमागून मोठ्याने म्हणाला. तरीही नाही.

तेव्हा कुंदनला सगळं कळलं. बाप अलीकडे एक विचारलं की दुसरंच सांगायचा, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. घरच्यांनी ते वयावर ढकललं होतं. त्याला भडभडून आलं. त्याने हलकेच खांद्यावर हात ठेवला.

चंद्रभान दचकला. मग पोराच्या डोळ्यांकडे बघून खाली बसला.

"गुडघे नाही दुखत रे," तो म्हणाला. "ढोलकीची धुम ऐकू येत नाही. ताल चुकला त लोक हासतीन. ह्या डब्यावर हात ठेवला का मंग समजते."

"मंग रोज मले ओरडता काहून?"

"तुयं गानं कानात नाही येत, छातीत वाजते. अन् हात शिवशिवते. राग येनार नाही त काय?"

कुंदन तसाच घरात गेला. "माय, तुले माहीत होतं!"

"भरदुपारी घर हालून राहिलं, मी का बहिरी आहो?" सुमित्राबाई म्हणाली. "कोनाले सांगनार नाही म्हनून मी त्यायले शब्द देल्ला होता. राखेनं नव्हता देल्ला."

मंडईच्या सकाळी कुंदनने स्वतःच्या हाताने जाळी काढली, बोल्ट खोलले आणि खोकं उचलून दंडारीच्या मांडवात नेलं. गाडी मागे उभी केली, लांब वायर ओढली, ढोलकीचा माइक त्याला जोडला. परगावच्या ढोलकीवाल्याला मंडळींनी मानाने खुर्ची दिली. आणि खोक्यावर ढोलकी मांडीवर घेऊन चंद्रभान बसला.

"अबे, खुल्लाच ठेवला?" हेमराज कुजबुजला. "कोनी पळवला त?"

"बाबाले उचलून पळवा लागन," कुंदन म्हणाला.

चंद्रभानने पहिली थाप मारली. ती त्याच्या बुडाखालून वर चढली, पाठीतून खांद्यांत आली, आणि दोन वर्षं रुसलेलं त्याचं तोंड लहान पोरासारखं फुललं. टाळवाले सरसावले, नाचणारे उभे राहिले. त्या गलक्यात चंद्रभानने मान वळवून पोराला हाक मारली.

"कुंदन! आवाज वाढव बे!"

कुंदन डोळे पुसत गाडीकडे धावला आणि त्याने बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. धुरपताबाईने फळीवरची भांडी सकाळीच खाली उतरवून ठेवली होती.