तेसानं न सोडलेली धूपदाणी

मी एक धूपदाणी. ओकिनावातल्या इतोमान गावच्या कोळीवाड्यात, चुलीच्या देवापुढे बसून जन्म काढला. आज बोलतेय, कारण माझ्याविषयी इतरांचं फार बोलून झालंय.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली त्या हिवाळ्यात एका कुंभारानं मला घडवलं. धड माती नव्हती, पुरेशी लाकडं नव्हती. माझी एक बाजू बसकीच राहिली. मासे विकणाऱ्या चिरूनं चार सुके मासे देऊन मला घेतलं आणि थेट आपल्या आईचं घर होतं तिथं नेलं. तिथं फक्त काळे दगड होते. तिनं आईच्या चुलीच्या जागची ओंजळभर राख माझ्यात भरली. "चल आई," एवढंच म्हणाली.

पूर्वजांच्या नावांच्या पाट्या आमच्याकडे थोरल्या मुलाकडे जातात. चुलीचा देव मात्र बायकांचा. तो आईकडून लेकीकडे जातो, राखेतून. चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चिरू माझ्यापुढे पाणी, तांदूळ, मीठ ठेवायची आणि देवाला घरचं सगळं सांगायची: पत्ता, प्रत्येकाचं नाव, कोण कुठल्या प्राण्याच्या वर्षात जन्मलं ते. देवाची गल्ली चुकायला नको ना!

तिची लेक मित्सुए. तिनं अमेरिकी छावणीतल्या आचाऱ्याशी लग्न केलं. रामोन त्याचं नाव, फिलिपिन्सचा, गळ्यात क्रूस. पहिल्याच दिवशी त्यानं आमच्या चुलीवर डुकराचं मटण व्हिनेगर घालून शिजवलं.

"जावईबापू, देव शिंकेल हो!" चिरू म्हणाली. आणि दोनदा वाढून घेतलं.

त्यांना मुलगी झाली. तेसा, माकडाच्या वर्षातली. चिरूनं तिचं नाव माझ्यापुढे घेतलं, तेव्हा चिरूचा थोरला मुलगा सेइको दारात उभा होता.

"आई, त्या परक्याच्या पोरीचं नाव देवापुढे कशाला?"

"मग काय मांजराचं घेऊ?" चिरू कडाडली, आणि तिनं ते नाव पुन्हा घेतलं. शेजारपाजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तेसा रविवारी बापाबरोबर चर्चला जायची आणि घरी येऊन माझी कड पुसायची. चर्चमधल्या एक बाई एकदा घरी आल्या. मला पाहून म्हणाल्या, "पोरी, हे असलं घरात ठेवून प्रार्थना पोचत नाही."

"येशूला माझ्या आजीची अडचण नसावी, बाई," तेसा म्हणाली. "तुम्हाला होतेय."

पुढे मित्सुए आणि रामोन पाठोपाठ गेले. म्हाताऱ्या चिरूचं हगणंमुतणं सात वर्षं तेसानं काढलं. सेइको सणाला यायचा, पेढीवाल्यासारखा पाट्यांपुढे बसायचा, जायचा.

चिरू गेली. एकोणपन्नासाव्या दिवशी, सुतक संपवायच्या विधीला, सगळे नातेवाईक जमले. सेइकोनं पाट्या बांधून घेतल्या. त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग तो स्वयंपाकघरात आला आणि मला उचललं.

"ही माझ्या बायकोकडे जाईल. नाहीतर फोडून टाकू."

"मामा, खाली ठेवा."

"तू कोण सांगणारी? तुझं आडनाव आमचं नाही, देव आमचा नाही."

"मी मित्सुएची लेक. आणि हा देव बायकांचा. तुमचा हात मध्ये आलाच कसा?"

तेसानं मला दोन्ही हातांनी धरलं. त्यानं ओढलं. तिनं सोडलं नाही. माझी कड तडकली, राख फरशीवर सांडली.

तेवढ्यात सेइकोची बायको हात्सुको पुढे आली. त्या घरात तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता.

"अहो, सोडा ते. मी नेणार नाही. माझ्या घरी माझ्या आईची आहे."

सेइकोचा हात सैल झाला. मामी-भाची दोघी गुडघ्यावर बसल्या आणि फरशीच्या फटींमधून बोटांनी राख गोळा करत राहिल्या. संध्याकाळच्या बसनं तेसानं मला मांडीवर घेऊन कोझा शहरात नेलं.

आता मी तिसऱ्या मजल्यावर, गॅसच्या शेगडीशेजारी बसते. समोरच्या भिंतीवर रामोनचा क्रूस आहे. आमचं भांडण नाही. तो त्याचं काम करतो, मी माझं. तडा तेसानं बुजवला नाही. मलाही लाज नाही.

माझी कीव करू नका. कोण शुद्ध नि कोण भेसळीचं, हे ठरवायची ज्यांना हौस आहे, त्यांनी जरूर यावं. आधी माझं पाणी बदलावं, तांदूळ ठेवावेत, तेसाचं नाव नीट घ्यावं. मग बोलावं.

दार उघडंच आहे. चपला बाहेर काढा.