हाजोमवालीची बाजू

"माज्या ओळी तू उसवतीस?"

हाजोमवाली दारातच उभी. हातात वाफाळत्या बटाट्यांचं ताट. आत मागाच्या आडव्या दांड्यापाशी तिची थोरली जाऊ ग्योदोंगवाली बसलेली, आणि बसली होती ती उजव्या अंगाला, धाकटीच्या जागेवर. मांडीवर उसवलेल्या लव्हाळ्याच्या काड्या पडल्या होत्या. आता लपवायचं तरी काय?

दोघींची खरी नावं गावात कुणाला फारशी ठाऊक नव्हती. एक हाजोमची, दुसरी ग्योदोंगची; लोक माहेरच्या गावावरूनच हाका मारायचे. एकतीस वर्षं दोघी शेजारी शेजारी बसून चटया विणत होत्या. डावी बाजू थोरलीची, उजवी धाकटीची. काडी दाबून बसवायची, सुतळीला बांधलेले दगड अलीकडचे पलीकडं टाकायचे. टक् टक् टक्. दिवसाला वीतभर चटई पुढं सरकायची.

"कवापासनं चाललंय ह्ये?" धाकटीनं विचारलं.

"सैल पडायला लागलीया तुजी बाजू. बांग व्यापारी बोट घालून बघतो, ठावं हाय न्हवं? चटई परत करील त्यो."

"कवापासनं, ते सांग की आक्का."

"लावणी झाल्यापासनं."

धाकटीनं ताट उंबऱ्यावर ठेवलं. "म्हंजी दोन म्हैनं! मी घरी जाऊन भात टाकायची, आन तू हितं माजं काम उसवून फिरून विणत बसायचीस. वरनं सकाळी मलाच म्हणायचीस, बस गं, च्या घे. आगं, तोंडावर शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं!"

ती गेली. बटाटे तिथंच गार झाले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भिजत घातलेल्या लव्हाळ्याला आंबूस वास यायला लागला. श्रावण अखेरची उमस, अंगाला कपडे चिकटलेले, आणि थोरली एकटीच मागावर. डावीकडच्या दोन ओळी विणायच्या, गुडघ्यावर हात टेकून उठायचं, उजवीकडं जाऊन बसायचं, पुन्हा उठायचं. दुपारपर्यंत कंबर अशी धरली की तिला तिथंच आडवं व्हावं लागलं. पडल्या पडल्या तिनं वर बघितलं. उजवी बाजू घट्ट होती, सुरेख होती. पण त्या बाजूला माणूस नव्हतं.

चौथ्या दिवशी ती धाकटीच्या घरी गेली. धाकटी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. डाव्या हातानं. उजवा मांडीवर नुसता ठेवलेला.

"काय झालं हाताला?"

"काय न्हाई."

थोरलीनं तो हात उचलला. अंगठ्याच्या शेजारची दोन बोटं भाजून काळी पडली होती, फोड फुटून चिघळले होते.

"चुलीवरचं झाकण उचललं," धाकटी म्हणाली. "कातडं जळल्याचा वास आला तवा कळलं."

"आगं बाई..."

"थंडी सरली तवापासनं बोटांला कायबी लागत न्हाई आक्का. काडी दाबली का न्हाई, समजत न्हाई. नदरंनं बघून बघून विणते. मलाबी दिसतंय सैल हाय त्ये. मी काय आंधळी हाय?"

"मग बोलायचं न्हाईस?"

"बोलून काय करू? तू दुसरी कुनी बसवली असतीस. मी मंग सकाळी उठून कुटं जाऊ?"

थोरली खाली बसली, सुपातल्या मिरच्या पसरायला लागली. सूप रिकामं झालं तशी म्हणाली, "लव्हाळा आंबाय लागलाय. हाताला फडकं गुंडाळ आन चल."

"उसवशील."

"न्हाई उसवायची."

आणि तिनं नाही उसवलं. सोपं नव्हतं ते. संध्याकाळी धाकटी घरी गेली की थोरलीची बोटं आपोआप उजवीकडं वळायची. मग ती उठून परसात जायची, काम नसलं तरी.

भादवा संपता संपता चटई मागावरून उतरली. बाजाराच्या दिवशी थोरली एकटीच पहाटेच्या गाडीनं घेऊन गेली. बांग व्यापाऱ्यानं गुडघे टेकून उजव्या कडेला बोट घातलं. बोट पेरापर्यंत आत गेलं.

"आज्जी, निम्मी चटई तुमची, निम्मी कुणा शिकाऊ पोरीची दिसती. दुय्यम मालात टाकतो."

"आण हिकडं," थोरली म्हणाली. चटई गुंडाळली, डोक्यावर घेतली आणि परत आली.

धाकटी वाटेवरच उभी होती. चटई बघितली आणि तिचा चेहरा पडला. "माज्यामुळं."

"ये आत."

थोरलीनं पडवीत प्लास्टिकची चटई लाथेनं बाजूला सारली आणि नवी अंथरली. पांढऱ्या लव्हाळ्यावर लाल फुलं, हिरव्या पानांची कड. एकतीस वर्षांत दोघींपैकी एकीच्याही घरात अशी चटई कधी पडली नव्हती. धाकटी काठावरच अवघडली.

"पाय धुऊन येते."

"ये गं तशीच. व्यापाऱ्याचा माल न्हाई त्यो आता."

दोघी आडव्या झाल्या. थोरली डावीकडं, धाकटी उजवीकडं, सवयीनं. बाहेर भातावर ऊन तापलं होतं. धाकटी तळहात चटईवरनं फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा.

"लागतंय का कायतरी?" थोरलीनं विचारलं.

"हाताला न्हाई." धाकटीनं डोळे मिटले. "पाठीला गार लागतंय."

थोरली तिचा श्वास ऐकत पडून राहिली. तो संथ झाला, मग घोरण्याचा आवाज आला. मागावर नव्या सुतळ्या बांधायच्या होत्या. ती उठली नाही.