हेल्मीच्या मापाची रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. रायफल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी लांबलचक आणि रुबाबदार आले असेल, तर ते आधी पुसून टाका. मी बुटकी आहे. माझी नळी आखूड, लाकडी दस्ता त्याहून आखूड, आणि नळीच्या तोंडाला एक जाड काळे नळकांडे बसवलेले. त्याला सप्रेसर म्हणतात. तो माझा आवाज दाबतो. सगळा नाही, पण कानठळ्या बसणार नाहीत इतका. मला पाहून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ही कुणाची?

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. माझा पहिला मालक ऑस्कर नावाचा सुतार. त्याच्या बायकोचा खांदा दुखरा होता आणि शिकारीची हौस मात्र दांडगी. ऑस्करने एके दिवशी करवत घेतली आणि माझा अक्रोडाचा दस्ता तिच्या हाताच्या मापाने कापला. मला काय वाटले असेल, ते विचारू नका. पुढे नळीही कापून घेतली आणि तिच्या तोंडाशी आटे पाडून हे नळकांडे बसवले. पण त्या बाईने मला जीव लावला. दर नोव्हेंबरात ती मला घेऊन रानात जाई, आणि हिवाळाभर घरात हरणाचे मांस असे. येईल त्याला ती माझे कौतुक सांगायची. मी काम केले, मला शाबासकी मिळाली, याहून जास्त कुणाला काय हवे असते?

ती गेली आणि ऑस्करने मला दुकानात नेऊन दिले. लेक सुपीरियर या अफाट सरोवराच्या काठच्या आमच्या गावात वर्ना नावाच्या बाईचे बंदुकांचे दुकान आहे. तिथल्या मांडणीत मी वर्षानुवर्षे उभी होते. गिऱ्हाईक यायचे, मला उचलायचे, "पोरांची बंदूक" म्हणून परत ठेवायचे. नळीत कोळ्याने घर केले. मी मनातल्या मनात कुढत असे, पण रायफलीच्या कुढण्याला विचारतो कोण?

एका एप्रिलमध्ये, रस्त्याकडेचे बर्फ वितळत असताना, तिघेजण दुकानात शिरले. बारा वर्षांची हेल्मी, तिची आई सिग्ने, आणि सिग्नेचे वडील रेइनो. रेइनो आजोबांच्या हातात त्यांची स्वतःची रायफल होती, लांब, जड, मोठ्या काडतुसाची.

त्यांच्या बोलण्यातून मला सगळे कळले. आदल्या नोव्हेंबरात हेल्मीने आजोबांच्या रायफलीने एका नर हरणावर गोळी झाडली होती. ती वर्मी लागली नाही. हरीण रक्त सांडत सीडरच्या झाडीतल्या दलदलीत घुसले. तिघांनी दिवसभर माग काढला, मग बर्फ पडायला लागले आणि माग बुजला. ते हरीण सापडलेच नाही. हेल्मीला अजून रानात जायचे होते, आजोबांबरोबर रानातल्या लाकडी खोपटात राहायचे होते. पण जनावराला पुन्हा तसे अर्धमेले करून सोडायचे, या कल्पनेनेच तिचा चेहरा उतरत होता.

"परत तसं होणार असेल तर मी नाही येणार," ती म्हणाली. "कधीच नाही येणार."

"अगं, एकदा चुकलं म्हणून काय बंदूक बदलायची?" आजोबा म्हणाले. "ही माझ्या बापाची. आपल्या घरात सगळ्यांनी पहिलं हरीण हिनंच मारलंय. तुझ्या आईनंसुद्धा."

"हो, आणि आठवडाभर माझा खांदा वांग्यासारखा जांभळा होता," सिग्ने म्हणाली. "ते नाही कुणी सांगत, बाबा."

वर्नाने आधी एक नवी कोरी, फुलासारखी हलकी रायफल पुढे केली. हेल्मी हरखली. वर्ना म्हणाली, "खांद्यावर टाकून फिरायला छान आहे. पण एवढ्या हलक्या बंदुकीचा सगळा दणका तुलाच बसणार. लहान माणसाला बंदूक थोडी वजनदार हवी आणि काडतूस बेताचं." आणि तिने मला खाली काढले. "कोपर दुमड. दस्त्याचं टोक कोपराच्या बेचक्यात टेकव. चापापर्यंत बोट पोचतंय?"

"पोचतंय!"

"मान ताणावी लागतेय?"

"नाही."

किती वर्षांनी कुणाच्या तरी मापाला उतरले होते मी!

आजोबांनी माझ्याकडे नाक मुरडून पाहिले. "आणि तोंडाला हे काय लावलंय? मोटारसायकलचं सायलेन्सर?"

"रेइनो, तुला हे वेळेत मिळालं असतं ना, तर तुझे कान शाबूत राहिले असते आणि आज माझा घसा बसला नसता ओरडून ओरडून," वर्ना म्हणाली. "आवाज कमी, धक्का कमी. पोरगी दचकणार नाही."

"आमच्या घरात कुणी दचकत नाही."

"बघूया की मग."

दुकानामागे मातीचा मोठा बांध घालून नेमबाजीची जागा केली होती. सगळ्यांनी कान झाकले. वर्ना पाठमोरी होऊन आजोबांची रायफल भरायची आणि हेल्मीच्या हातात द्यायची. कधी खरे काडतूस, कधी खोटे. कुठले, ते फक्त तिलाच ठाऊक. पहिला बार झाला तशी हेल्मी मागे हेलपाटली. दुसऱ्या वेळी तिने चाप ओढला आणि नुसतेच खट् झाले. बार नाही, धक्का नाही, तरी नळीचे तोंड मातीकडे गेले आणि हेल्मीचे डोळे घट्ट मिटलेले. सगळ्यांना दिसले. पोरीचे कान लाल झाले.

"डोळे मिटतात माझे," ती पुटपुटली. "गेल्या वर्षीपण मिटले होते."

"पोर आहे, घाबरलं. आण इकडे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी आपली रायफल खांद्याला लावली. वर्नाने त्यांनाही पाठमोरी होऊनच भरून दिली होती.

खट्.

नळी हेल्मीपेक्षाही खाली गेली. आजोबांचा खांदा असा उसळला, जणू कुणी मागून ढकलले. कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते असे मला वाटले, कारण त्या शांततेत म्हातारा केवढासा दिसायला लागला.

"हात गारठलेत," ते म्हणाले.

"बाबा..." सिग्ने म्हणाली.

"गारठलेत म्हटलं ना!" त्यांनी रायफल पिशवीत घातली आणि ते गाडीत जाऊन बसले.

मग माझी पाळी आली. माझा बार झाला तेव्हा हेल्मीने वळून विचारले, "एवढंच?" पुढच्या खेपेला वर्नाने खोटे काडतूस घातले. खट् झाले, आणि माझी नळी जरा म्हणून हलली नाही. सिग्नेने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. ठरले.

सप्रेसरला सरकारची परवानगी लागते. ती येईपर्यंत उन्हाळा उजाडला. मग सुट्टीभर माझा सराव चालला. सिग्ने मधूनच खोटे काडतूस सरकवायची. हेल्मी दचकायची नाही. मला रोज तेल मिळे, नळी साफ होई. दिवस सुखाचे होते. फक्त आजोबा सरावाला कधी आले नाहीत.

पंधरा नोव्हेंबर उजाडला. हरणांची शिकार त्या दिवशी सुरू होते आणि आमच्याकडे शाळाही बंद असतात. खोपटात पहाटेच कॉफी उकळत होती. सिग्ने आणि हेल्मीने, इतर शिकाऱ्यांना लांबून माणूस ओळखू यावे म्हणून घालतात ती नारिंगी जाकिटे चढवली, पण आजोबांची रायफल घरीच होती.

"यंदा मी चूल सांभाळतो," ते म्हणाले. "तुम्ही जा. आणि नियम लक्षात आहे ना?"

"न्यायला कुणी येईपर्यंत जागा सोडायची नाही," हेल्मीने पाठ म्हटले.

"शाबास. जो तो आपल्या जागी. म्हणजे कोण कुठे आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं."

हा नियम आजोबांच्याच वडिलांनी घातलेला. त्यामुळे दलदलीच्या बाजूला त्या दिवशी कुणीही नाही, हे मायलेकींना पक्के ठाऊक होते.

त्या दोघी लपणात बसल्या. लपण म्हणजे फळ्यांची एक छोटी खोली, पुढे एक आडवी खिडकी. खिडकीच्या चौकटीवर माझी नळी टेकवलेली. समोर मोकळे मैदान आणि पलीकडे सीडरची दाट झाडी, तीच दलदल. गेल्या वर्षी आजोबांच्या रायफलीच्या आवाजापायी हेल्मीच्या कानांवर जाडजूड टोप्या होत्या. या वर्षी कान उघडे होते. फांदीवरून बर्फ घसरले तरी ऐकू येत होते.

उजाडले. काहीच हलेना. काडतूस आत सरकवणारा माझा बोल्ट थंडीने कडक झाला होता. हेल्मी पायाची बोटे बुटात हलवत होती, बाकी सगळे अंग आवरून.

आणि झाडीतून तो बाहेर आला. मोठा नर, शिंगांवर झाडाच्या सालीचा चुरा. तो चार पावले चालला आणि मान वळवून मागे पाहू लागला.

"दिसतोय?" सिग्नेचा आवाज श्वासाएवढा होता.

"दिसतोय."

"घाई नको. कूस आपल्याकडे वळू दे."

हेल्मीने चाप अडवून ठेवणारा सेफ्टीचा खटका पुढे सरकवला. तिचा गाल माझ्या दस्त्यावर टेकला, आणि तिचे काळीज कसे धडधडते आहे ते मला लाकडातून कळत होते. पण डोळे उघडे होते! नराची कूस पुरती समोर आली. याहून सोपा नेम मिळत नाही. हेल्मीने श्वास सोडला. बोट चापावर आले. चाप मागे सरकू लागला. आता केसभर उरले होते. मित्रांनो, तेवढे अंतर संपले की पुढचे कुणाच्याच हातात नसते, माझ्याही नाही.

नराने पुन्हा मागे पाहिले. त्याचे दोन्ही कान झाडीकडे वळले.

बोट थांबले.

"काय झालं?" सिग्ने कुजबुजली.

"आई, त्याच्या मागे काहीतरी आहे."

"बर्फ पडतंय फांद्यांवरून. मार."

"नाही. खोकल्यासारखं ऐकू आलं."

"हेल्मी, तिकडे कुणी नाहीये. मार, जाईल तो!"

वर्षभर ज्या घडीची वाट पाहिली ती समोर उभी होती, आई कानात मार म्हणत होती. मी तर निर्जीव. मला ना हो म्हणता येत, ना नाही. मला वाटले, आता सुटते गोळी.

"नाही," हेल्मी म्हणाली. तिने बोट बाहेर काढले आणि खटका मागे ओढला.

नर उसळला आणि दिसेनासा झाला. हेल्मी रडवेली झाली. सिग्ने काहीतरी बोलणार, इतक्यात तो जिथे उभा होता बरोबर त्याच्या मागच्या फांद्या हलल्या. आणि झाडीतून रेइनो आजोबा बाहेर आले, खोकत. अंगात स्वयंपाकाच्या वेळचा जुना तपकिरी कोट. नारिंगी काही म्हणजे काहीच नाही.

"गेला का?" त्यांनी लांबूनच ओरडून विचारले. "बार का नाही झाला?"

सिग्ने लपणातून धावत सुटली. बर्फात दोनदा पडली. वडिलांपाशी पोचली आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारू लागली.

"कशाला आलात? कशाला आलात तुम्ही इथे?"

"लाकडं आणायला निघालो होतो गं," आजोबा गोंधळून म्हणाले. "ताजे माग दिसले, दलदलीत शिरलेले. म्हटलं, मागनं हळूहळू चालत गेलो तर हरीण हेल्मीकडे वळेल. तिला मिळावं म्हणून... माझ्या हातानं तर आता काही होत नाही. तेवढं तरी..."

"मी तिला मार म्हणाले, बाबा." सिग्ने म्हणाली. "दोनदा म्हणाले. मार म्हणाले."

आजोबांनी लपणाकडे पाहिले. मग स्वतःच्या पायांकडे. मग ते आहेत तिथेच बर्फात बसले.

हेल्मी मला घेऊन आली, नळी जमिनीकडे करून. त्यांच्यापाशी येऊन तिने बोल्ट उघडला आणि माझ्यातले काडतूस काढून तळहातावर घेतले. 

आजोबांनी हात पुढे केला. "ते दे मला. माझ्या नावाचं होतं ते."

हेल्मीने मूठ मिटली. "कुणाच्या नावाचं नाहीये," ती म्हणाली. "उठा, आजोबा. भिजाल."

तिने काडतूस खिशात टाकले, मला पाठीला लावले आणि दोन्ही हातांनी त्यांना उठवले. तिघे हातात हात घालून खोपटाकडे निघाले. आजोबा रडत होते, आणि ते लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

मित्रांनो, मला निवडले ते मी सौम्य आहे म्हणून. पण माझी सौम्यता फक्त माझ्या मागे असलेल्या माणसासाठी आहे. जो माझ्यापुढे असतो त्याच्यासाठी मी इतर कुठल्याही बंदुकीसारखीच आहे, आणि माझा कमी आवाज ऐकून हे विसरू नका. मला तेल द्या, पुसा, कोरडी ठेवा, कोळ्याला घर करू देऊ नका, एवढे माझे मागणे आहेच. पण त्याच्याही आधी, मला उचलाल तेव्हा पुढे काय आहे ते नीट बघा, त्याच्याही मागे काय आहे ते ऐका, आणि तिळभर शंका आली तर कुणीही काहीही सांगो, बोट काढून घ्या. हरीण दुसरे येते. आजोबा दुसरे येत नाहीत.