भाग्याला दिलेली गोष्ट

इमारतीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला आधी कळतं, असं आमचे हे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. काचीगुड्याच्या या जुन्या इमारतीत एका मजल्यावर समोरासमोर दोन दारं, दोन्ही दिवसभर उघडी, मग माणसाने डोळे मिटून बसायचं का? त्यामुळे समोरच्या एकनाथरावांच्या भाग्यलक्ष्मीला पहिल्यावहिल्या नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, ते तिच्या आईच्या, सुनंदाच्या, बरोबरीनेच मलाही कळलं. एकनाथराव गौलीगुड्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होते, पण डोळे अधू झाल्यापासून घरीच बसून होते. भाग्याला नोकरी लागली नाही तर हैदराबाद सोडायचं आणि बिदरकडे चुलत्यांच्या घरात एका खोलीत जाऊन राहायचं, असं त्यांच्या घरात ठरून गेलं होतं. त्या एका मुलाखतीपायी पोरगी अर्धी झाली होती.

"ये, बस इथे," मी म्हटलं. "तुझी मुलाखत मी घेते."

माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण प्रश्न विचारायला शिक्षण कशाला लागतं? तिला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं आणि नाव विचारलं, गाव विचारलं, भाऊबहिणी किती, पुरणपोळी येते का, तेही विचारलं.

"काकू, तुम्ही मुलाखत घेताय की मुलगी बघताय?" ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मग एकदम रडवेली होऊन म्हणाली, "ते असलं नाही विचारत हो. ते विचारतात, कठीण प्रसंगात डोकं शांत ठेवून तुम्ही काय केलं, एक किस्सा सांगा. मला काय झालंय लाइफमध्ये? घर, कॉलेज, घर. नल्लकुंट्याला क्लास होता तर तिथेपण पप्पा सोडायला."

"मग माझा घे," मी म्हटलं. वाटीभर साखर द्यावी इतक्या सहज.

आणि सांगितलं. आमचा अमेय पाळण्यात होता, हे गावाला गेले होते. स्वयंपाकघरात सिलिंडरच्या नळीने पेट घेतला, पाळणा आतल्या खोलीत आणि मध्ये ती आग. मी मोरीतल्या बादलीत गोधडी बुडवली, सिलिंडरवर टाकली, तापलेला रेग्युलेटर उजव्या हाताने पिरगाळून बंद केला, मग पोराला छातीशी धरून जिना उतरले. खाली उतरल्यावर कळलं, तळहातावर अर्धचंद्रासारखं मांस जळालंय. तो डाग राहिला. आणि त्या दिवसापासून गॅसचा वासही राहिला. बाजारात निघाले की अर्ध्या जिन्यातून परत यायचं, अंथरुणातून उठून बटणं चाचपायची, पाहुण्यांशी बोलता बोलता आत जाऊन हुंगायचं. डॉक्टरांनी नाक तपासलं, नाकात काही नव्हतं. वास मात्र यायचाच.

भाग्याने सगळं मन लावून ऐकलं, माझा हात हातात घेतला, डागावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "खरंच देता, काकू?"

"घे गं. मला काय करायचाय तो?"

मुलाखतीच्या दिवशी तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवली, तिने चाटून खाल्ली आणि गेली. दुपारी आली ती जिन्यातूनच ओरडत, "काकू, झालं! तोच प्रश्न आला! मी सांगत गेले तसं सगळं समोर दिसत होतं. मॅडमनी विश्वास बसेना म्हणून विचारलं, तर मी हात दाखवला."

"कुठला हात दाखवलास गं?"

"हा," ती म्हणाली आणि चपला काढत घरात गेली. मी म्हटलं, धीट आहे पोरगी, कुठली तरी जुनी खोक दाखवली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "काल उठली नाहीस? घोरत होतीस चक्क." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आदल्या दुपारपासून मी एकदाही बटणं चाचपली नव्हती. कसलाही वास नव्हता. इतकं हलकं वाटलं, जशी डोक्यावरची घागर कुणीतरी न सांगता उतरवून घ्यावी.

आठवड्यात नोकरीचं पक्कं झालं. पेढे आले. एकनाथराव कधी नव्हे ते जिन्यात उभे राहून सगळ्यांशी बोलले, सुनंदाने बांधून ठेवलेल्या भांड्यांच्या गोण्या सोडल्या. खालच्या मजल्यावरचे भगवंतराव अभिनंदन करायला आले तेव्हा आमचे हे त्यांना म्हणाले, "लागणारच नोकरी! भाग्यानेच तर आमच्या अमेयला आगीतून काढलं."

मी ह्यांच्या हसण्याची वाट पाहिली. हे हसले नाहीत. भगवंतराव म्हणाले, "हौ, ते कोण विसरेल!"

रविवारी अमेयचा पुण्याहून फोन आला. बातमी सांगितली तर म्हणाला, "तिला काहीतरी चांगलं घे माझ्याकडून. भाग्या नसती तर मी कुठला असतो, आई?"

अमेय पाळण्यात होता तेव्हा भाग्याची आईच परकरात हिंडत होती. पण वाद कुणाशी घालायचा, आणि कशासाठी? फोन ठेवून मी ती दुपार आठवायला बसले, तर आठवलं ते असं, की मी खाली रस्त्यावर चार बायकांत उभी आहे, मान वर करून धूर बघतेय, आणि जिन्यातून कुणीतरी बाळाला छातीशी धरून उतरतंय. माझा तळहात उजेडात धरून पाहिला. गोरापान, नव्या नवरीसारखा. खरं सांगते, दुःख नाही झालं. सुटल्यासारखं झालं.

भाग्याला ट्रेनिंगसाठी बेंगळुरूला जायचं होतं, गाडी काचीगुड्याहूनच, संध्याकाळची. थंडी म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या होत्या. ती निरोप घ्यायला आली आणि आम्ही बाहेरच्या खोलीत बोलत बसलो, तेवढ्यात आत दूध उतू गेलं. बर्नर दुधाने भिजून आपोआप गप्प झाला, तेवढंच एक काम वाचलं. मी पातेलं उतरवलं, ओटा पुसला आणि दह्याची वाटी घेऊन बाहेर आले.

तिने हात पुढे केला. दह्याखाली तो अर्धचंद्र दिसत होता, जुना, मऊ पडलेला. तिने दही चाटलं आणि मध्येच थांबली. नाकपुड्या हलल्या.

"काकू, गॅस बंद आहे ना?"

गेले पंधरा-वीस दिवस तिचं हेच चाललं होतं. आमच्याकडे बसली की तीनतीनदा उठून आत जायची, स्वतःच्या घरून निघाली की अर्ध्या जिन्यातून परत. सुनंदा वैतागून गेली होती.

"आहे गं बाई."

"नाही, वास येतोय. मी बघून येते."

खालून एकनाथराव ओरडले, "भाग्या! ऑटोवाला जातो म्हणतोय, गाडी चुकेल!"

ती एक पाय उंबऱ्यात, एक बाहेर अशी उभी राहिली, माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे बघत. चेहरा पांढराफटक. तो चेहरा मी कुठेतरी पाहिला होता, आरशात बहुतेक.

"असं भिऊन कसं चालेल?" मी तिला हलकेच जिन्याकडे ढकललं. "नोकरी करायचीय ना? जा. मी आहे इथे."

ती गेली. गॅलरीतून मी हात हलवला. ऑटो वळेपर्यंत ती मान बाहेर काढून वर बघत होती, काहीतरी ओरडतही होती. मी दार लावून घेतलं. घर शांत होतं. कुठे काही वास नव्हता.

हे सर्दीने नाक ओढत खुर्चीत पडले होते. म्हणाले, "चहा टाक गं."

"टाकते," मी म्हटलं आणि लायटर घ्यायला आत गेले.