साडेआठ किलो

"ही बॅग तुम्ही नाही उचलणार बाई, ही तुम्हालाच उचलून नेईल," चौथी बॅग समोर ठेवत विक्रेता म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसला.

एक्स-रेबाईंनाही हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं. दुकानात येऊन तास होत आला होता. पहिल्या बॅगेत लॅपटॉपच शिरेना. दुसरीत शिरला, तर कॅमेऱ्याला जागा उरेना. तिसरीत दोन्ही मावले, पण लांब लेन्स तेवढी बाहेर डोकावायला लागली, शेजारच्यांकडे कोण आलंय ते बघणाऱ्या म्हातारीसारखी. आणि ही चौथी सगळं गिळून ढेकर द्यायला तयार होती, पण बाईंची उंची जेमतेम पाच फूट. बॅगेचा तळ पार मांड्यांवर आपटत होता.

"म्हणून म्हणतोय, चाकांची घे," सर म्हणाले. सर म्हणजे बाईंचे यजमान. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं उत्तर आपल्याकडे असतं असा त्यांचा समज होता.

"अहो, पायवाट आहे ती. दगडांवरून चाकं ओढू की काय?"

"मग लहान लॅपटॉप ने."

"नाही."

त्या 'नाही'पुढे सरांचं काही चालत नसे. एकतीस वर्षं बाईंनी रुग्णालयाच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत लोकांच्या हाडांचे फोटो काढले. सावलीतली केसाएवढी रेघ शोधायची सवय लागलेली. लहान पडद्यावर पक्ष्याचं पीस बघणं म्हणजे त्यांना डोळ्यांवर फडकं बांधल्यासारखं वाटे. आणि एवढे हजारो फोटो काढले, पण 'छान आलाय हो' असं एक माणूस म्हणेल तर शपथ! निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला, पक्ष्यांच्या मागे लागल्या, आणि तीन वर्षांत पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या एका मंडळानं त्यांना बारा दिवसांच्या डोंगरभटकंतीला बोलावलं. त्यांचे फोटो बघून बोलावलं, वय बघून नाही. त्या रात्री बाईंना आनंदानं झोप लागली नव्हती. अट एकच होती, आपलं सामान आपल्या पाठीवर.

सरांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकूण एक वस्तू तोलली होती. लॅपटॉप तीन किलो, लांब लेन्स दोन, कॅमेरा एक, छोटी लेन्स अर्धा, चार्जर आणि बॅटऱ्या अर्धा, वर नव्या बॅगेचे अंदाजे दीड. "साडेआठ किलो!" ते ज्याला त्याला सांगत सुटले होते.

आत्ताही सर लांब लेन्स कोंबायला दोन्ही हात बॅगेत घालून वाकले होते, तेवढ्यात खिशात त्यांचा फोन वाजला.

"बघ गं कोण आहे. स्पीकरवर लाव."

बाईंनी फोन काढून त्यांच्या तोंडाजवळ धरला.

"सर, बोलू का? काकू जवळपास नाहीत ना?" आवाज भटकंतीच्या प्रमुखाचा होता. "तुम्ही म्हणालात तसा काकूंच्या बॅगेसाठी हमाल ठरवलाय. पण त्यांना कळू न देता कसं जमवायचं, तेवढं सांगा."

सरांचे हात बॅगेतच राहिले.

"काकू जवळपासच आहेत," बाई म्हणाल्या. "पाच मिनिटांनी फोन करते."

विक्रेता उगाच शेजारच्या बॅगेची चेन उघडझाक करू लागला.

"मला विचारलंत?"

"तू नाहीच म्हणाली असतीस."

"मग? उत्तर माहीत होतं तरी केलंत?"

"अगं, साठी उलटली तुझी!" सर एकदम भडकले आणि तितकेच एकदम विझले. "तू तिथे कुठे घसरलीस, पडलीस, तर मी इथे बसून काय करू? भीती वाटते मला. झालं समाधान?"

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण भीती हा शब्द या माणसाच्या तोंडून त्यांनी ऐकला नव्हता. जवळ जाऊन हात धरावा असं वाटलं. पण त्यांनी धरला नाही, कारण धरला असता तर हमाल पक्का झाला असता.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "बाकीचे ओझं घेऊन चढणार आणि मी हात हलवत मागून येणार? ते माझी वाट बघतील, पाणी देतील, काकू काकू करतील, पण त्यांच्यातली एक नाही म्हणणार. हमाल असेल तर मी जाणार नाही. आणि मला पेललं नाही, तरी जाणार नाही. या इमारतीला मजले किती?"

"चार," विक्रेता पटकन म्हणाला. "वर गच्ची."

"भरलेली बॅग घेऊन गच्चीवर जाऊन येते. चालेल?"

सरांनी मान हलवली. गणितात पडताळा त्यांना नेहमीच मान्य होता.

आता बाईंनी निवड आपल्या हातात घेतली. कप्पे बघितले नाहीत, की रंग बघितला नाही. एकेक बॅग उलटी करून कमरेचा पट्टा चाचपला. कोपऱ्यातली एक बुटकी, रुंद बॅग त्यांना पसंत पडली. तिचा पट्टा वीतभर रुंद आणि आत मऊ होता. लॅपटॉप पाठीच्या बाजूला सपाट बसला, लेन्स तळाशी आडवी. बाईंनी दोन्ही हात पट्ट्यांत घातले, बॅग छातीवर चढवली आणि सरांकडे पाठ करून म्हणाल्या, "बांधा."

सर बघतच राहिले. "अगं बाई, ती पाठीवर घ्यायची असते!"

बाईंनी खाली पाहिलं आणि त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेना. एकतीस वर्षं एक्स-रेच्या खोलीत शिशाचा जाड एप्रन असाच पुढून चढवायचा आणि मागून कुणाकडून तरी बांधून घ्यायचा. हात आपोआप तिकडेच गेले होते. सरही हसले, विक्रेता तर काउंटरला धरून हसला.

"सात किलोचा असायचा तो एप्रन," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षी मान गेली होती माझी. मग आमच्या जुन्या सिस्टरनी शिकवलं, पट्टा कमरेला आवळ, खांद्यांवर लटकवू नकोस. म्हणून आधी पट्टा बघितला."

"हे आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं," विक्रेता म्हणाला. त्याचा विनोद केव्हाच संपला होता.

बॅग पाठीवर आली, कमरेचा पट्टा खटकन बसला. सर सोबत निघाले, पण दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकले. "तू हो पुढे," म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर बाईंचा गुडघा कुरकुरला. क्षणभर वाटलं, सरांचंच खरं असेल तर? खाली जाऊन चाकांची घ्यावी लागली तर? त्या थांबल्या, दोन मोठे श्वास घेतले आणि पुढची पायरी चढल्या. मग त्याच्या पुढची. गच्चीचं दार ढकललं तेव्हा वाऱ्याचा झोत तोंडावर आला आणि बाई एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या, "जमलं की हो!" पाण्याच्या टाकीवरची घार दचकून उडाली.

त्या खाली आल्या, तेव्हा सर दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होते. "हमाल नको. अहो, नको म्हणजे नको! चार मजले चढून आली ती, मीच दुसऱ्याला बसलो. उचलते, उचलते, साडेआठच्या साडेआठ किलो उचलते!" आवाज असा, की सगळ्या इमारतीला कळावं.

घरी परतताना रस्त्याला चढ होता. बॅग पाठीवर घेऊन बाई झपाझप पुढे निघाल्या, या बुटक्या बॅगेबद्दल, पहिल्या दिवशीच्या पहाटेबद्दल बोलत राहिल्या. मधेच लक्षात आलं, मागून हुंकार येत नाहीये. सरांची पावलं बरीच मागे पडली होती, आणि एका दमात पडत नव्हती.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्या चढावर उभ्या राहिल्या आणि कमरेचा पट्टा सैल करून पुन्हा आवळू लागल्या, पुन्हा सैल करून पुन्हा आवळू लागल्या, पावलं अगदी शेजारी येईपर्यंत.