चुना मुरेपर्यंत

दिवा स्टेशनच्या पूर्वेला खाडीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला माझं घर आहे. निवृत्त झाल्यावर मी आणि कलावतीने ते हौसेने घेतलं. पुढे ती गेली आणि घरात मी एकटा उरलो. मुलगा संदेश माजिवड्याला राहतो, म्हणजे काही परदेशात नाही. पण मागच्या पावसाळ्यात त्याची नवी गाडी आमच्या चिकणमातीत रुतली, ट्रॅक्टर लावून ओढावी लागली. सुनेची, समीक्षाची, एक चप्पल चिखलातच राहिली. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "बाबा, रस्ता झाला की लगेच येतो ना."

मी विश्वास ठेवला. एकट्या माणसाला तेवढंच पुरतं.

दोष मातीचाच होता. पावसात फुगायची, उन्हात भेगाळायची. रस्त्याच्या जागेचा मालक प्रफुल्ल दरवर्षी तिच्यावर डबर टाकायचा आणि दरवर्षी ती ते गिळून बसायची. चिकणमातीत चुना मिसळला की तिचा चिकटपणा जातो, ती घट्ट बसते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मग मी हात धुऊन प्रफुल्लच्या मागे लागलो.

"काका, डोकं नका खाऊ," तो शेवटी म्हणाला, "टाकतो चुना. खूश?"

दिवाळीनंतर काम निघालं. रस्ता उकरला, चुन्याची पोती रिकामी केली, ट्रॅक्टरने माती आणि चुना एकजीव केला, पाणी मारून रोलर फिरवला. आठवडाभर ओलावा टिकवा आणि वर गाडी येऊ देऊ नका, असं कामगार बजावून गेले.

झालं, मी रस्त्याचा वॉचमन झालो. प्रफुल्लचा माणूस पाणी मारून गेला की घरातलं पाणी वाचवून मी सुकलेल्या कडा भिजवायचो. खुर्ची टाकून बसायचो आणि बाइकवाल्यांशी भांडायचो. खरं सांगतो, त्या आठवड्यात मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी मी माणसांशी बोलत होतो, भांडत का होईना.

रस्ता झकास झाला. विटांनी भरलेला टेम्पो गेला तरी चाकाचा ठसा उमटला नाही. मी संदेशला फोटो पाठवले, रविवारी दोघं जेवायला या म्हणून कळवलं आणि सुरमई आणायला बाजारात जाऊन आलो. शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"बाबा, फोटो बघितले. भारी झालाय रस्ता." मग तो थांबला. "उद्या ना... समीक्षाचं जरा... म्हणजे, तिचं नाही, मलाच..."

तो कारण शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं. लहानपणी प्रगतिपुस्तक लपवताना असाच अडखळायचा. आधी मला संताप आला. मग त्याची कीव आली आणि भीतीही वाटली. अजून थोडा अडखळला असता तर खरं बोलून गेला असता, आणि ते मला ऐकावं लागलं असतं.

"अरे, ऐक," मी म्हणालो. "एवढ्यात गाडी आणू नकोस. चुना अजून मुरायचाय."

"हो का?" त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "मग नकोच रिस्क. झाला की सांगा, लगेच येतो."

"सांगतो की."

तेवढ्यात दारासमोरून पाण्याचा भरलेला टँकर धडधडत निघाला. संदेशला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन छातीशी दाबून धरला.